कधी पाण्यासारखी, कधी पिवळीजर्द: किडनी, लघवी आणि शरीरातल्या पाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला उत्सर्जनाचं प्रकरण सुरू झालं की वर्गात आधी खसखस पिकते. तास संपल्यावर मात्र मुलं एकेकटी टेबलाशी येतात आणि घरचे प्रश्न विचारतात: आजी रात्री चारदा का उठते, बाबांना डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला का सांगितलं, उन्हाळ्यात आग का होते. पुढे शेजारीपाजारीही विचारू लागले. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. शरीर कसं चालतं ते सांगेन, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

किडनीचं काम रक्त गाळायचं. मग पाण्याचा हिशेब तिच्याकडे कसा आला?

गाळणं हा तिच्या कामातला सोपा भाग आहे, खरी कसरत त्यानंतर सुरू होते.

दोन्ही किडन्यांमधून मिनिटाला एक लिटरहून थोडं जास्त रक्त जातं. हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं, त्याचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक बारीकशी गाळणी आणि तिला जोडलेली लांब नळी. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचं एक गुंतवळ असतं, त्याला पुस्तकात गुच्छिका म्हणतात. या गुच्छिकांमधून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून बाहेर पडतं. हॉटेलात किंवा लग्नात पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार येतात ना, तसे नऊ जार. आपल्या रक्तातला द्रव भाग जेमतेम तीन लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठ वेळा गाळलं जातं.

लघवी होते ती दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं पाणी परत रक्तात जातं, आणि किती परत घ्यायचं हे ठरवणं म्हणजेच पाण्याचा हिशेब. त्यातलं दोन तृतीयांश पाणी नळीच्या पहिल्याच वळणदार भागात परत घेतलं जातं. तुम्ही तहानलेले असा की तांब्याभर पाणी पिऊन बसलेले असा, तिथे फरक पडत नाही. पुढे आणखी काही भाग सुटतो. शेवटी अठरा-वीस लिटर उरतं, आणि खरा निर्णय त्याच्यावर होतो. यातलं जवळजवळ सगळं राखलं तर दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवर येते, आणि सोडून दिलं तर दहा-बारा लिटरही होऊ शकते.

लघवी दाट करायची म्हणजे किडनी नेमकं काय करते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दरवर्षी मी मटणवाल्याकडून बकऱ्याचे दोन गुर्दे आणते आणि वर्गात उभे चिरून दाखवते. चिरल्यावर बाहेरची कड तांबूस-तपकिरी, रवाळ दिसते. आत गेलं की बारीक उभ्या रेघा सुरू होतात, केसांची जुडी नीट विंचरून ठेवावी तशा. या रेघा मधल्या एका फिकट टोकाकडे धावत जातात. बकऱ्यात असं टोक एकच असतं, माणसाच्या किडनीत असे आठ ते अठरा शंकू असतात. मुलांना मी त्या रेघांवरून सुईचं टोक फिरवायला सांगते, कारण लघवी दाट होण्याची सगळी गोष्ट त्या रेघांत आहे.

आता स्वयंपाकघरात या. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी जमतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं तर वाढेपर्यंत ती पाणचट होते. तिथे पाणी कुणी पिळून काढलेलं नसतं, बाहेर मीठ जास्त म्हणून ते आपणहून बाहेर येतं. किडनीही हेच करते. पाणी ढकलणारा पंप आपल्या कुठल्याच पेशीत नाही. पंप आहेत ते मिठाचे. म्हणून पाणी हलवायचं तर आधी मीठ हलवायचं, पाणी मागोमाग येतं.

त्या रेघांत प्रत्येक नळी खाली उतरते, यू-टर्न घेते आणि वर येते. हाच हेन्लेचा पाश. जर्मन शरीररचनातज्ज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. वर येणाऱ्या जाड भागाची भिंत पाण्याला अजिबात वाट देत नाही, पण आतलं मीठ जोर लावून बाहेर फेकते. त्यामुळे भोवतालचा भाग खारट होतो. शेजारीच खाली उतरणारी बाजू असते. तिच्यातून पाणी सहज निसटतं. भोवताल खारट झाल्यावर तिच्यातलं पाणी बाहेर जातं, आतला द्रव दाटतो, आणि तोच दाट द्रव वळण घेऊन पुन्हा मिठाच्या पंपांसमोर येतो. पंपांना आता आधीपेक्षा खारट माल मिळाला, त्यामुळे भोवताल आणखी खारट. एका पातळीवर पंप साधारण २०० मिलिऑस्मोलचाच (द्रवात विरघळलेले कण मोजण्याचं हे माप, इथे दर लिटरमागे) फरक पाडू शकतात, पण उतरणारा आणि चढणारा प्रवाह शेजारून उलट दिशांनी वाहत असल्यामुळे तो फरक थरावर थर चढत जातो. बाहेरच्या कडेला ३०० मिलिऑस्मोल, म्हणजे रक्ताइतकाच खारटपणा असतो. आतल्या टोकाशी तो १२०० पर्यंत जातो. त्या टोकाचा जवळजवळ निम्मा जोर मिठाचा आणि निम्मा युरियाचा. ज्याला आपण निव्वळ घाण समजतो, तो युरिया इथे पाणी वाचवायला कामी येतो.

शेवटी अनेक नळ्यांतला द्रव गोळा करणारी संग्राहक नलिका याच खारट भागातून खाली उतरते. तिच्या भिंतीतली पाण्याची दारं उघडी असतील तर पाणी बाहेरच्या खारटपणाकडे ओढलं जातं आणि लघवी दाट होते. दारं बंद असतील तर पातळ द्रव जसाच्या तसा मूत्राशयात उतरतो.

परीक्षेत बहुतेक मुलं लिहितात की हेन्लेच्या पाशात लघवी दाट होते. तसं होत नाही. पाशातून बाहेर पडणारा द्रव रक्तापेक्षा पातळ असतो, १०० मिलिऑस्मोलच्या आसपास. पाश फक्त खारट आवार तयार करून ठेवतो, दाट करण्याचं काम पुढच्या नलिकेत होतं.

ही कल्पना सहजासहजी पटलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ वेर्नर कून यांनी १९४२ मध्ये ती मांडली, पण पुरावा मिळायला १९५१ उजाडलं. तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी तहानलेल्या उंदरांच्या किडनीचे पातळ काप गोठवले आणि बर्फ कुठे आधी वितळतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिथे खारटपणा जास्त तिथे बर्फ कमी तापमानालाच वितळतो. आत जावं तसा तो लवकर वितळत गेला. इतक्या साध्या प्रयोगाने वाद मिटतो, हे मुलांना सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

ती दारं कोण उघडतं?

मेंदू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत चाखत असतात. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी खारट झालं तरी त्यांना कळतं. मग व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक पियुषिका ग्रंथीतून रक्तात सोडलं जातं. पुस्तकात याचंच नाव एडीएच. ते किडनीतल्या संग्राहक नलिकेशी पोचलं की पेशींच्या आत तयार ठेवलेल्या पाण्याच्या वाटा भिंतीवर येऊन बसतात. या वाटा म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये त्यांचा शोध सिद्ध केला आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आधी व्हॅसोप्रेसिन वाढतं, तहान त्यानंतर लागते. म्हणजे घसा कोरडा पडण्याआधीच किडनीने पाणी राखायला सुरुवात केलेली असते.

भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी किती वेळात पातळ होते?

घरी करून बघण्यासारखं आहे. किडनी किंवा हृदयाचा त्रास नसलेल्या मोठ्या माणसाने सकाळी उठल्यावरची लघवी काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यावी. मग दोन-तीन ग्लास पाणी पिऊन पुढच्या दोन तासांतली लघवी वेगवेगळ्या बरण्यांत घ्यावी आणि सगळ्या खिडकीशी उजेडात ओळीने ठेवाव्यात. अर्ध्या तासात फारसा फरक दिसत नाही, पण तासाभराची बरणी जवळजवळ पाण्यासारखी असते. व्हॅसोप्रेसिन रक्तात दहा-वीस मिनिटांत निम्मं होतं, म्हणून हा बदल इतका चटकन दिसतो.

पाणी जास्त झालं म्हणून पायावर सूज येते का?

बहुतेक वेळा ती सूज मिठाने आणलेली असते. शरीर दोन हिशेब वेगवेगळे ठेवतं, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. रक्त किती खारट आहे हा एक हिशेब. तो व्हॅसोप्रेसिन आणि तहान सांभाळतात, पाणी कमी-जास्त करून. शरीरात एकूण द्रव किती आहे हा दुसरा. तो मिठावर चालतो. मीठ साठलं की त्याच्यामागे पाणी थांबतं, वजन वाढतं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. रक्त कमी पडतंय असं किडनीला वाटलं की ती रेनिन सोडते, त्यातून अल्डोस्टेरॉन वाढतं आणि मीठ राखलं जातं. उलट हृदयाच्या वरच्या कप्प्यांना ताण बसला की तिथून निघणारं संप्रेरक मीठ बाहेर घालवायला सांगतं.

म्हणून सूज असलेल्या माणसाचं पाणी तोडून ताटात पापड-लोणचं तसंच ठेवलं तर फारसं काही साधत नाही. मीठ कमी झालं की तहानही आपोआप उतरते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात खारे शेंगदाणे, फरसाण, सुकट हे सगळं धरायचं.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं का?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. वरणभात, ताक, कालवण, फळं यांतूनही पाणी मिळतं. शरीरात अन्न जळतानाही दिवसाला पाव लिटरच्या वर पाणी तयार होतं. एसीत बसून काम करणारा माणूस आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्याचं काम करणारा माणूस यांना एकच आकडा सांगणं मला बरोबर वाटत नाही. निरोगी, जागं, पाणी हाताशी असलेलं माणूस तहानेवर विसंबू शकतं. ज्यांनी विसंबू नये त्यांच्याबद्दल पुढे आहे.

मुतखडा होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतकं पाणी प्यावं, कारण दाट लघवीत खडे धरतात.

रंगावरून काही कळतं का?

बरंच कळतं. लघवीला पिवळेपणा देणारं रंगद्रव्य दिवसभर साधारण सारखंच तयार होत असतं. पाणी कमी झालं की तेच कमी पाण्यात उतरतं आणि रंग गडद होतो. उन्हात वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चांगला. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा झाला तर पाणी कमी आहे, आणि पाणी पिऊनही तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा, कारण काविळीतही असा रंग येतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीधमक होते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने केशरी-लाल, बिटाने काहींची गुलाबी. यात घाबरण्यासारखं काही नाही. बीट खाल्लेलं नसताना लाल झाली तर मात्र त्याच दिवशी तपासणी करा.

उन्हाळी लागते म्हणजे काय होतं?

उन्हात घाम जास्त जातो, किडनी पाणी राखते, लघवी थोडी आणि दाट होते आणि जाताना जळजळते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी या सगळ्यांनी बरं वाटतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यातलं मोठं काम पाणीच करतं. एका दिवसात आग थांबली नाही, ताप आला, थंडी वाजली किंवा लघवीला सारखं जावंसं वाटू लागलं, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. मग लघवीची तपासणी करायला हवी. सब्जावर दिवस काढू नयेत.

लघवी धरून ठेवली तर किडनी खराब होते का?

एखाद-दुसऱ्या वेळी धरल्याने होत नाही. रोज धरली तर मूत्राशयात जंतू वाढायला वेळ मिळतो. पण मला काळजी वेगळीच वाटते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी सातला घरून निघतात आणि दुपारी दोनपर्यंत घोटभरही पाणी पीत नाहीत, कारण एसटी स्टँडवरचं आणि काही ठिकाणी महाविद्यालयातलंही स्वच्छतागृह जाण्यासारखं नसतं. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या, शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका, ऊसतोडीच्या फडावरच्या बायका हेच करतात. त्यांची किडनी दिवसभर लघवी जास्तीत जास्त दाट करत बसते. बाईला पाणी पी म्हणून सांगणं सोपं आहे. स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी असेल तरच ती पिणार.

उन्हात सतत राबणाऱ्यांच्या किडनीला धोका असतो, हे आता जगभर गांभीर्याने घेतलं जातं. मध्य अमेरिकेत एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वामधल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह किंवा रक्तदाब नसताना किडनी निकामी होण्याचं प्रमाण मोठं आढळलं. वारंवार उष्णता आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचं एक प्रमुख संशयित कारण मानलं जातं. त्यात अंग दुखतं म्हणून उपाशीपोटी, तहानलेल्या अवस्थेत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली की किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळला जातो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला वाटतं.

समुद्राचं पाणी पिऊन तहान का भागत नाही?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाची किडनी लघवी जास्तीत जास्त १२०० मिलिऑस्मोलपर्यंत दाट करते. समुद्राचं पाणीही जवळपास तितकंच खारट, आणि त्याशिवाय रोजचा युरियाही बाहेर टाकायचा असतोच. लिटरभर पाण्यातलं मीठ आणि तो युरिया काढायला दीड लिटरच्या आसपास लघवी लागते. म्हणजे प्यालं लिटर, गेलं दीड लिटर. अमेरिकेच्या वाळवंटात एक कांगारू उंदीर राहतो. तो लघवी ५००० मिलिऑस्मोलच्याही वर दाट करतो आणि पाणी न पिता नुसत्या बियांवर जगतो. आपल्याला ते जमत नाही. आपल्याकडे दर सात-आठ नेफ्रॉनमागे एखाद्याचाच पाश आतल्या टोकापर्यंत पोचतो.

चहाने आणि दारूने पाणी कमी होतं का?

चहा-कॉफीने थोडी लघवी वाढते, पण कपातलं पाणी त्याहून जास्त असतं. सवयीच्या माणसाला चहा पाण्यातच धरायला हरकत नाही. दारूचं तसं नाही. दारू व्हॅसोप्रेसिनच अडवते, पाण्याची दारं बंद होतात आणि प्यायल्यापेक्षा जास्त लघवी होऊ शकते. सकाळी तोंड कोरडं पडण्याचं आणि डोकं दुखण्याचं हे एक कारण.

आजी-आजोबांना रात्री वारंवार का उठावं लागतं?

तरुण माणसात रात्री व्हॅसोप्रेसिन वाढतं, लघवी कमी आणि दाट होते, म्हणून सात-आठ तास झोप लागते. वय वाढलं की ही रात्रीची वाढ ओसरते आणि किडनीची लघवी दाट करण्याची ताकदही कमी होते. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, तेही रात्रीच निघतं. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मधुमेह आणि किडनीचा जुना आजार यांचंही हे पहिलं लक्षण असू शकतं, तेव्हा वयावर ढकलून मोकळं होऊ नका. एकदा साखर, क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवी तपासून घ्या.

वयाबरोबर तहानही मंदावते. शरीर कोरडं पडलेलं असतं आणि आजी म्हणते, “मला नको पाणी.” तिला विचारत बसू नका, दर दोन तासांनी अर्धा ग्लास हातात द्या.

पाणी जास्त पिऊन काय बिघडणार आहे?

याचं उत्तर मी पुस्तकातून शिकवत होते, ते घरात येऊन उभं राहिलं.

माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. रक्तदाबासाठी तिला थायझाइड गटातली गोळी सुरू होती. त्या उन्हाळ्यात तिला फोनवर एक संदेश आला की सकाळी उठल्याबरोबर तीन तांबे पाणी प्यायलं की किडनी स्वच्छ होते. ती मनापासून करू लागली. उकाड्याने जेवण उतरलं होतं, चहा आणि टोस्टवर दिवस जात होता. आठवड्याभराने ती म्हणू लागली की डोकं जड झालंय, मळमळतंय. मी म्हटलं, ऊन लागलंय, पाणी पी. एका संध्याकाळी तिने देवापुढे निरांजन लावलं आणि पुन्हा पुन्हा काडी ओढत राहिली, लावलेलं तिला कळेना. माझ्या मुलाला तिने माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम ११९ होतं. नेहमीचं १३५ ते १४५ असतं.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. लघवी पातळ करायची तर नळीच्या पुढच्या भागात पाणी मागे ठेवून मीठ काढून घ्यावं लागतं, आणि थायझाइड नेमकं तेच अडवतं. दुसरं म्हणजे जेवण. निरोगी किडनी तासाला जेमतेम ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकते, पण त्यासाठीही लघवीत थोडे क्षार आणि युरिया लागतातच. दिवसाच्या जेवणातून साधारण ६०० मिलिऑस्मोल येतात. कितीही पातळ केली तरी लघवी लिटरमागे ५० च्या खाली जात नाही, म्हणजे बारा लिटरपर्यंत वाव. चहा-टोस्टवर राहणाऱ्याकडे २०० मिलिऑस्मोल येतात, मग वाव चार लिटरवर येतो. आणि तिसरं, ते तीन तांबे पाणी. साठलेल्या पाण्याने रक्त पातळ झालं, पेशींत पाणी शिरलं, आणि मेंदू कवटीत असल्यामुळे त्याला फुगायला जागा नाही.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, पाणी मोजून दिलं, आणि सोडियम मुद्दाम हळूहळू वाढवलं. दिवसाला आठ-दहाच्या वर वाढू द्यायचं नसतं. घाईने वाढवलं तर मेंदूच्या पेशींना इजा होते. चौथ्या दिवशी सकाळी आईने मला विचारलं, “गच्चीतल्या तुळशीला पाणी घातलंस का?” तेव्हा मला रडू फुटलं. ते “पाणी पी” माझंच वाक्य होतं.

हे फक्त म्हाताऱ्यांनाच होतं असं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीनंतर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांत, ते प्रमाण जास्त होतं.

जुलाब झाल्यावर नुसतं पाणी का पुरत नाही?

कारण पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. नुसतं पाणी दिलं तर किडनी ते राखून धरू शकत नाही किंवा रक्त पातळ होतं. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्या मागे येतं, त्यावर ओआरएस चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमातून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांखाली आलं.

पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात पावडर मिसळा. लिटरभराचं पाकीट ग्लासात ओतलं तर ते बाळाला घातक ठरतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

तान्ह्या बाळाला उन्हाळ्यात वरचं पाणी द्यावं का?

सहा महिन्यांपर्यंत नाही. आईचं दूध पुरतं, त्यात पाणीच जास्त असतं. बाळाची किडनी मोठ्या माणसाच्या निम्म्यानेच लघवी दाट करू शकते, आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकायलाही तिला वेळ लागतो. दूध जास्त वेळा पाजा.

मधुमेहात लघवी जास्त का होते?

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की नळीला ती सगळी परत घेता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून तहान लागते. लोक उलट समजतात की पाणी जास्त प्यायल्यामुळे लघवी होतेय, आणि पाणी कमी करतात. तसं करू नका, साखर तपासा.

आणखी एक आजार आहे. त्यात साखर अगदी नॉर्मल असते, पण लघवी दिवसाला तीन लिटरहून जास्त आणि पाण्यासारखी होते. व्हॅसोप्रेसिन तयारच होत नाही, किंवा किडनी त्याला दाद देत नाही. मानसिक आजारावर दिल्या जाणाऱ्या लिथियमने असं होऊ शकतं. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. नावातल्या डायबेटिसमुळे गोंधळ व्हायचा, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता किंवा व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध असं केलं. अशा माणसाचं पाणी कधीही तोडू नये.

किडनी कमी चालत असेल तर भरपूर पाणी प्यायल्याने ती धुऊन निघते का?

नाही. किडनीचा जुना आजार झाला की आधी लघवी दाट करण्याची आणि मग पातळ करण्याचीही ताकद जाते. लघवीची घनता १.०१० च्या आसपास अडकून बसते, सकाळी घ्या की दुपारी. अशा किडनीला कमी पाणीही सोसत नाही आणि जास्तही. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना पाणी तोडावं लागत नाही. पुढे लघवी घटली की ‘काल झाली तेवढी लघवी अधिक अर्धा लिटर’ असा हिशेब डॉक्टर अनेकदा देतात, आणि त्यात चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट सगळं मोजायचं असतं.

घरी मोजायला एक मापाचा जग आणि एक वजनकाटा पुरतो. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, दोन लिटर पाणी अंगात थांबलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.